संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका

गणपती तोंडावर आले आहेत. आता दारं सताड उघडी राहतील, माणसांची ये-जा वाढेल, ओळखीचा रस्ता मांडवानं अडेल आणि ढोलांच्या आवाजात हाक ऐकू जाणार नाही. घरात स्मृतिभ्रंश झालेलं वडीलधारं माणूस असेल, तर ते हरवायला याहून सोपे दिवस नाहीत. म्हणून हे आवाहन आत्ताच.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमचे नाना दुपारचा चहा घेऊन घराबाहेर पडले आणि डोंबिवलीला लोकलमध्ये जाऊन बसले. गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी त्या दिवशी दुसरी पाळी होती. आम्ही आधी गच्ची पाहिली, मग देऊळ, मग नाका, मग नातेवाइकांना फोन. यात तीन तास गेले. खरं सांगायचं तर पोलिसांत जायची लाजही वाटत होती. लोक म्हणणार, यांना म्हातारा माणूस सांभाळता येत नाही. शेवटी गेलो, तर समोरचे अंमलदार म्हणाले, “येतील हो, संध्याकाळपर्यंत बघा. चोवीस तासांनी मिसिंग घेऊ.”

नाना रात्री अकराला सापडले, तेही एका पोलिसामुळेच. लालबागच्या फुटपाथवर बसलेल्या म्हाताऱ्याला गस्तीवरच्या एका हवालदारानं हटकलं. नाव-पत्ता विचारून काही हाती लागेना. हवालदार स्वतः गिरणी कामगाराचा मुलगा. त्यानं विचारलं, “बाबा, खातं कुठलं?” नानांनी खातं सांगितलं, गिरणी सांगितली, चाळही सांगितली. चाळीतल्या एका जुन्या शेजाऱ्यानं त्यांना ओळखलं आणि आमचा फोन वाजला.

त्या एका प्रश्नात सगळं आलं. स्मृतिभ्रंशाचा माणूस आपल्याला भटकताना दिसतो, पण बहुतेक वेळा त्याच्या मनाशी एक ठिकाण असतं: जुनं घर, जुनी नोकरी, माहेर, शाळेतून मुलांना आणण्याची वेळ. शोध तिथून सुरू करायचा असतो. इंग्लंडमध्ये पोलिसांनी यासाठी ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ आणला. जॉर्ज हर्बर्ट हे नॉर्मंडीच्या लढाईतले सैनिक. म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाल्यावर ते लहानपणच्या घराच्या शोधात निघाले आणि वाटेतच वारले. तिथली कुटुंबं आता माणूस हरवण्याआधीच एक फॉर्म भरून ठेवतात. त्यात ताजा फोटो, औषधं, जुने पत्ते आणि नेहमीच्या जागा असतात. हरवल्यावर तो कागद थेट पोलिसांच्या हातात जातो.

आपल्याकडे यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायला नको. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे प्रत्येक पोलिस ठाण्याच्या हद्दीत अशी घरं असणारच. बऱ्याच ठाण्यांत ज्येष्ठ नागरिकांची नोंद ठेवलेली असते. पोलिस अधिकाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे, त्या नोंदवहीत आणखी दोन रकाने आखा: विस्मरणाचा आजार आहे का, आणि पूर्वी कुठं राहत, काय काम करत. बीटवरच्या अंमलदाराला ती घरं माहीत असू द्या. गावात हे काम पोलिस पाटील एका दुपारी करू शकतील. आणि ते ‘चोवीस तास’ ठाण्यातून हद्दपार करा. असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, लोकल तर तासाभरात माणसाला दुसऱ्या टोकाला नेऊन सोडते. नानांना साखरेची गोळी रात्री आठची होती, हे आम्ही कुणाला सांगायचं?

घरच्यांनो, माणूस दिसेनासा झाला की एकानं आसपास शोधा, दुसऱ्यानं त्याच क्षणी ११२ फिरवा. रेल्वेचा संशय असेल तर १३९. ठाण्यात तक्रार नोंदवून घ्या, तिची प्रत मागा, आणि “स्मृतिभ्रंश आहे, स्वतःचा पत्ता सांगू शकत नाहीत” हे शब्द तक्रारीत लिहायला लावा. नुसतं ‘वय ७८, रागावून गेले’ असं लिहिलं गेलं, तर शोधही तसाच होतो. कपड्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवून टाका. खिशातली चिठ्ठी ते स्वतःच फेकून देतात, हे आम्ही अनुभवानं सांगतो.

रिक्षावाले, दुकानदार, मंडळांचे कार्यकर्ते, तुम्हालाही सांगणं आहे. भर उन्हात स्वेटर घातलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला असलेले, एकाच दुकानासमोरून तिसऱ्यांदा जाणारे आजी-आजोबा दिसले, तर “कुठं जायचंय?” असं दरडावू नका. बसवा, पाणी द्या, जुन्या गोष्टी विचारा आणि पोलिसांना कळवा. मंडळांनी मांडवातल्या माइकचा थोडा वेळ यासाठी राखून ठेवावा.

आणि हे वाचून झालं की आजच आई-वडिलांचा एक फोटो काढा. लग्नातला, शाल पांघरलेला नको. घरच्या कपड्यांतला, डोक्यापासून पायांपर्यंत, चपलांसकट.