उशाशी एक बटण

ट्रॅव्हल ट्रेलरमधली पहिली रात्र बहुतेक कुटुंबांची सारखीच जाते. दिवसभर गाडी हाकून झालेली असते, जेवण उरकलेलं असतं, पोरं बंकवर चढून पेंगायला लागलेली असतात. नवरा-बायको पलंगावर आडवी होतात, पांघरूण ओढतात आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात येतं की छताचे दिवे चालूच आहेत. बटण दाराशी, आणि दार पंधरा-वीस फुटांवर. कोणीतरी कुरकुरत उठतं, दिवे घालवतं आणि अंधारात चाचपडत परतताना टेबलाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटून घेतं. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी घरातला एकजण स्क्रूड्रायव्हर शोधत असतो.

हा ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेलं, पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. अमेरिकेत याचं वेड जुनं आहे. रस्त्याच्या नियमामुळे रुंदी साडेआठ फुटांपुढे जात नाही, म्हणून घर वाढतं ते लांबीत. वीस, पंचवीस, तीस फूट. त्यात ओटा, फ्रिज, न्हाणीघर, सोफा, पलंग सगळं बसवलेलं. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासचा पट्टा हे या धंद्याचं आगर. देशातली बहुसंख्य फिरती घरं तिथेच तयार होतात. हल्लीच्या मॉडेलांत हौसेला तोटा नाही. भिंतीत विजेची खोटी शेकोटी असते, बाहेरच्या अंगाला स्पीकर असतात, काहींना तर बाहेर उघडणारं दुसरं स्वयंपाकघरही असतं. मोठ्या दिव्यांचं दुसरं बटण मात्र पलंगापाशी अनेकदा नसतं. वाचायचे दोन छोटे दिवे तेवढे उशाशी दिलेले असतात, पण पडल्यापडल्या छत विझवायची सोय नसते.

हा कारखान्याचा विसरभोळेपणा म्हणावा, तर तसंही दिसत नाही. ट्रेलर विकला जातो तो विक्रेत्याच्या आवारात, भर दिवसा. गिऱ्हाईक पायरी चढून आत येतं, दाराशी हात जातो, बटण दाबलं की सगळं घर लखलखतं आणि बायको ‘अय्या’ म्हणते. त्या आवारात रात्र कोणी काढत नाही. त्यामुळे बटणाची जागा ठरते ती आत येणाऱ्या माणसाच्या सोयीने. झोपणारा माणूस त्या हिशेबात कुठे येतच नाही.

खरं तर या दुखण्यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. आपल्याकडे आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यास करणाऱ्या पोराला तो सुरुवातीच्या धड्यांतच शिकवतात: जिन्याची वायरिंग. खाली एक बटण, वर एक बटण, दोन्हींवर तोच दिवा. खालून लावा, वरून घालवा. वायरमन त्याला ‘टू-वे’ म्हणतो. गंमत अशी की अमेरिकेतल्या दुकानात हेच बटण ‘थ्री-वे’ या नावाने मिळतं. आपण आणि इंग्रजांनी दिव्याच्या वाटा मोजल्या, अमेरिकनांनी बटणामागचे स्क्रू मोजले. पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेल्या आणि हौसेने हातात पक्कड घेतलेल्या माणसाने दुकानात ‘टू-वे’ मागितलं, तर त्याच्या हाती भलतंच बटण पडण्याची शक्यता बरीच.

अमेरिकेच्या विद्युत संहितेलाही ही गरज ठाऊक आहे. घरातल्या जिन्याला सहा किंवा जास्त पायऱ्या असतील तर खालीवर दोन्हीकडे दिव्याचं बटण हवं, असं ती सांगते. अंधारात जिन्यावरून माणूस पडतो, म्हणून हा नियम. ट्रेलरमध्ये जिना नाही, सहा पायऱ्या नाहीत. वीस फुटांची अंधारी वाट आहे आणि तिच्यात चपला, कुत्र्याचं पाण्याचं भांडं आणि वर सांगितलेला टेबलाचा कोपरा आहे.

म्हणून लोक स्वतःच कामाला लागतात. आणि इथे हा मामला दिसतो तितका सोपा राहत नाही.

सगळ्यांत सर्रास होणारी चूक म्हणजे दुसरं साधंच बटण आणून आधीच्या तारेत ओळीने बसवणं. मग दिवा लागायला दोन्ही बटणं चालू हवीत. उशाचं बटण बंद करून झोपलेला माणूस दुसऱ्या संध्याकाळी दाराशी येऊन खटखट करत राहतो आणि बॅटरी गेली असं समजून तिला दोष देतो. तेच बटण समांतर जोडलं तर उलटं: दोन्ही बंद केल्याशिवाय दिवा विझत नाही, म्हणजे गुडघा आपटणं पुन्हा आलंच. हवं ते साधतं फक्त दोन ‘टू-वे’ बटणांच्या जोडीने. एका बटणाच्या सामाईक (‘कॉमन’) स्क्रूला फ्यूजकडून येणारी तार, दुसऱ्याच्या सामाईक स्क्रूवरून दिव्याकडे जाणारी तार आणि दोन्ही बटणांच्या उरलेल्या स्क्रूंमध्ये दोन फिरत्या तारा. दाराशी जुनं बटण तसंच ठेवून फक्त उशाशी नवीन लावलं की भागलं, ही समजूत इथेच मोडते. बदलायला दोन्ही लागतात. तिसरं बटण बंकपाशीही हवं असेल तर मध्ये चार स्क्रूंचं इंटरमीडिएट बटण येतं. आणि या दोन बटणांची बोळवण ‘जिन्याचं काम’ म्हणून करण्यात अर्थ नाही. क्लॉड शॅनन या तरुणाने 1937 साली एमआयटीमधल्या आपल्या प्रबंधात स्विच आणि रिले यांच्या जोडण्यांना तर्कशास्त्राची बीजगणिती भाषा लावली, आणि आजचे संगणक त्याच वाटेने पुढे आले. ओळीने, समांतर आणि जिन्यासारखं, या तीन जोडण्या म्हणजे त्या तर्कशास्त्राचीच अक्षरं.

आता विजेबद्दल. ट्रेलरचे छतावरचे दिवे घरातल्या विजेवर चालत नाहीत. ते चालतात बॅटरीच्या 12 व्होल्ट डीसीवर. कॅम्पग्राउंडवर घरगुती विजेची जोडणी मिळाली तरी आतला कन्व्हर्टर तिचं 12 व्होल्टमध्ये रूपांतर करून देतो. हा आकडा ऐकला की हौशी माणसाची भीड चेपते. शॉक बसत नाही ना, मग काय घाबरायचं? शॉक बसत नाही हे खरं. पण बॅटरीच्या दोन टोकांना आडवी तार पडली तर ती क्षणभरात शेकडो अँपिअर ओतू शकते, तार लाल होते आणि ती तार जाते तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवूडच्या आतून. ट्रेलरच्या आतल्या भिंती बहुधा असल्याच असतात. 12 व्होल्टमध्ये भीती आगीची आहे, आणि म्हणून इथे फ्यूजला मान द्यावा लागतो.

फ्यूज आणि तार यांचं नातं हा हौशी लोकांचा खरा कच्चा दुवा आहे. जुना पिवळ्या उजेडाचा बल्ब 18 वॅटचा, म्हणजे सुमारे दीड अँपिअर खाणारा. सहा बल्ब म्हटले की नऊच्या आसपास अँपिअर झाले. त्यांच्यासाठी 18 गेजची बारीक तार दहा मीटर नेली, तर जाण्यायेण्याच्या वीस मीटरमध्ये कागदावरच साडेतीनहून जास्त व्होल्ट गळतात आणि बल्ब आजारी दिसतो. एलईडी आल्यापासून तोच उजेड तीन वॅटच्या आत मिळतो, सहा दिव्यांना मिळून सव्वा अँपिअरच्या आसपास पुरतो, गळती अर्ध्या व्होल्टवर येते. मग हौशी माणूस म्हणतो, आता बारीक तार चालेल! इथे थांबायला हवं. तार किती जाड हवी हे नुसतं दिवा ठरवत नाही, मागे बसलेला फ्यूजही ठरवतो. अमेरिकन नियमांत 18 गेजच्या तारेमागे 6 अँपिअरचा फ्यूज चालतो, 15 अँपिअरच्या फ्यूजला 14 गेज लागते. दिव्यांच्या ओळीवर निळा, म्हणजे 15 अँपिअरचा फ्यूज असेल आणि नवीन बटणाला 18 गेजची तार ओढली असेल, तर बिघाडात फ्यूज उडण्याआधी तारच तापून जळण्याची भीती असते. एकतर तार जाड घ्यावी किंवा फ्यूज छोटा करावा. दोन्ही उपाय वीस-पंचवीस डॉलरच्या आतले.

बटणावरचे आकडेही वाचावे लागतात. एसी वीज सेकंदाला शंभर-एकशेवीस वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीला तो श्वास नाही. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने 1884 मध्ये स्प्रिंगने झटकन उघडणारं बटण काढलं ते याच त्रासातून; बटण दाबल्यावरचा तो ‘खट्’ आवाज त्याच कल्पनेचा वंशज. एलईडीच्या सव्वा अँपिअरला 12 व्होल्टवर फार मोठी ठिणगी पडायची नाही, हे कबूल. तरी ज्याच्या पाठीवर डीसीचा आकडा छापला आहे असं बटण घेण्यात शहाणपण आहे.

रंगांचीही एक खोड आहे. मोटारगाडीचं काम करणारा माणूस काळी तार दिसली की ती ऋण समजतो. ट्रेलरच्या 12 व्होल्टमध्ये पुष्कळदा पांढरी ऋण असते आणि काळी किंवा दुसऱ्या कुठल्या रंगाची तार धन. त्यामुळे रंगावर न जाता मीटर लावून बघणं बरं. आणि जोड! घरात तारांना पीळ मारून टेप गुंडाळली की वायरमन मोकळा होतो. ट्रेलर मात्र प्रत्येक सहलीत शे-दोनशे मैल हादरे खातो, त्या जोडाला रोज छोटासा भूकंप सोसावा लागतो. दाबून बसवायचे क्रिंप जोड त्यासाठीच असतात.

कठीण भाग भिंतीत आहे. लाकडी चौकटीवर बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेल्या जुन्या पद्धतीच्या ट्रेलरमध्ये पोकळीतून तार सरकवता तरी येते. फोम भरून चिकटवलेल्या सपाट भिंतीत ती वाट उरत नाही. तिथे तार कपाटांच्या मागून किंवा पट्टी-केसिंगमधून उघडी न्यावी लागते. सरकून बाहेर येणाऱ्या खोलीत पलंग असेल तर आणखीच पंचाईत.

इथे बिनतारी बटणांचे पुरस्कर्ते पुढे येतात. भिंतीला चिकटवा, छतात छोटा रिसीव्हर बसवा, झालं. भाड्याच्या ट्रेलरसाठी किंवा फोमच्या भिंतीसाठी हा मार्ग वाईट नाही. पण त्या रिसीव्हरला चोवीस तास थोडी वीज लागते. समजा 20 मिलिअँपिअर. महिन्याला चौदा अँपिअर-तास झाले. हिवाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या ट्रेलरची बॅटरी अशाच ठिबकण्याने बसते. काही नव्या मॉडेलांत दिवे फोनवरच्या अॅपने घालवता येतात म्हणे. झोप आल्यावर फोन हुडकायचा, कुलूप उघडायचं, अॅप उघडायचं, ते ट्रेलरला सापडेपर्यंत वाट बघायची. एवढ्यात दाराशी जाऊन येणं होतं.

रात्री आडव्या झालेल्या माणसाचा विचार भारतीय रेल्वेने काही अंशी तरी केलेला दिसतो. तिच्या निळ्या डब्यांत दिवे-पंखे 110 व्होल्ट डीसीवर चालत आले. स्लीपरमध्ये वरच्या बर्थवरून खालच्याला ‘जरा दिवा घालवता का?’ म्हणून विनवण्यात आपल्याकडच्या दोन पिढ्या गेल्या. वातानुकूलित डब्यांत मात्र प्रत्येक बर्थला वाचायचा दिवा आला, त्याचं बटण झोपलेल्याच्या हाताशी.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गोरेगावच्या चित्रनगरीबाहेर उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन पाहिल्या की चाकांवरची खोली सजवणं आपल्या लोकांना चांगलंच जमतं हे दिसतं. ज्या गॅरेजांत अशा गाड्या बांधल्या जातात, तिथल्या वायरमनला जिन्याची वायरिंग शिकवावी लागणार नाही; गाडीच्या आतल्या बाजूला प्लाय ठोकण्याआधी त्याला फक्त विचारावं लागेल की माणूस झोपणार कुठे, आणि पलंगापर्यंत दोन तारा जास्तीच्या ओढायला सांगावं लागेल. एल्कहार्टच्या कारखान्यातही भिंत टेबलावर आडवी, उघडी असते तेव्हाच तारा टाकल्या जातात. दुसऱ्या बटणाच्या तारा त्याच वेळी टाकल्या, तर काही मिनिटांत आणि मोजक्या डॉलरांत काम होईल. भिंत बंद झाल्यावर त्याच कामाला ट्रेलरच्या मालकाचे दोन रविवार जातात.