सापनचे वळण आणि हृदयाची झडप

परतवाड्यातील एका परिचित घरात परवा माझ्यावर मध्यस्थीचा प्रसंग आला. आजोबांच्या हृदयात बारा वर्षांपूर्वी धातूची कृत्रिम झडप बसवलेली आहे. रात्री सारे निजले की तिची बारीक टिकटिक शेजारच्या खाटेवर ऐकू येते. नातू यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी आलेला. पण नोकरी न धरता पीएच.डी. करायची म्हणतो, तीही हृदयाच्या झडपांवर! आजींनी कपाळाला हात लावला : "अजून पाच वर्ष शिकाचं? मंग नौकरी कवा लागन याले? अन् हृदयाचं काम तं डाक्टरचं!"

आजींची दुसरी शंका आधी घेतो. झडप बसवतात डॉक्टर. घडवतात मात्र अभियंते. १९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी रुग्णाच्या हृदयात जी झडप यशस्वीपणे बसवली, ती लोवेल एडवर्ड्स या अभियंत्याने घडवली होती. पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रे आणि पंप यांतच या गृहस्थांची हयात गेली होती. हृदय हाही अखेर पंपच आहे.

सापन नदीच्या वळणावर आपण कधी उभे राहिला असाल, तर एक गोष्ट नजरेस आली असेल. बाहेरच्या काठाला पाणी जोराने घासते आणि तो काठ खचतो. आतल्या बाजूस प्रवाह मंदावतो आणि तिथे गाळ साचतो. आपल्या रोहिण्यांतही जिथे वळण किंवा फाटा असतो आणि रक्ताचे भिंतीशी होणारे घर्षण कमी पडते, तिथेच चरबीचा थर धरण्याची शक्यता अधिक. कृत्रिम झडपेचेही असेच आहे. तिच्या कोपऱ्यात रक्त रेंगाळले की गुठळी होऊ शकते, आणि फार जोराने घासले तर रक्तपेशी फुटतात. या दोहोंच्या मधली वाट शोधणे, हाच हृदय-रक्तवाहिन्यांच्या जैवयांत्रिकीचा अभ्यास. संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या ज्याने साफ केल्या आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आजोबांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, ती याच गुठळीच्या भयाने. त्यासाठी रक्ताची तपासणी वारंवार करावी लागते, आणि मेथी-पालक एकाएकी वाढवायची वा सोडायची नाही हे पथ्यही पाळावे लागते. ही गोळी न घेता चालेल आणि तरीही दीर्घकाळ टिकेल अशी झडप करता येईल का, हा आज जगभरच्या प्रयोगशाळांतला जिवंत प्रश्न आहे. (गोळीत स्वतःहून फेरफार मात्र कदापि करू नये.)

टिकण्याचा हिशेबही पाहा. हृदय वर्षाला सुमारे पावणेचार कोटी ठोके देते, म्हणून धातूच्या झडपेला प्रयोगशाळेत ४० कोटी वेळा उघडझाप करून दाखवावी लागते. आपल्याकडे घशाच्या दुर्लक्षित संसर्गातून होणाऱ्या संधिवाती तापाने तरुणपणीच झडपा निकामी होतात. अशा रुग्णाला झडप पुढे अनेक दशके पुरायला हवी.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि अभियंते जी. एस. भुवनेश्वर यांच्या चमूने भारतीय झडप घडवायला घेतली, तेव्हा पहिले तीन आराखडे फसले. कुठे धातूने दगा दिला, तर कुठे चकतीने. चौथा टिकला : मजबूत मिश्रधातूची चौकट आणि तिच्यात तिरपी होणारी चिवट प्लास्टिकची चकती. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. मधे दशकाहून अधिक काळ लोटला होता. पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला, आणि परदेशी झडपेपेक्षा कितीतरी कमी खर्चात. आजींच्या पाच वर्षांसमोर हा हिशेब मी ठेवला, तेव्हा त्या काही वेळ गप्प राहिल्या.

आता पोटापाण्याचे. पीएच.डी. म्हणजे फी भरून घेतलेले शिक्षण, असा आपल्या घरांतून समज असतो. वस्तुतः यात विद्यार्थ्यालाच वेतनासारखी रक्कम मिळते. गेट किंवा नेटसारख्या परीक्षेतून निवड झाल्यास केंद्राच्या अधिछात्रवृत्तीचा दर १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० रुपये आहे. तिरुवनंतपुरमची ती संस्था, मुंबई आयआयटीचा जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग, ही या विषयाची ठिकाणे. फार दूर पाठवायचे नसेल, तर नागपूरचे व्हीएनआयटी आहे. २०१४ साली मुंबई आयआयटीत सुरू झालेल्या 'बेटिक' या वैद्यकीय उपकरण केंद्राच्या जाळ्यात तेही आहे.

पदवी हाती आली की नोकरी दारात उभी असेल, असे मात्र मी आजींना सांगितले नाही. पाच वर्षांची सहा होतात, प्रयोग फसतात, मार्गदर्शकाशी जुळत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी मुलाने त्या प्रयोगशाळेतील सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलावे, आणि एखाद्या हृदयशल्यविभागाशी तिचा प्रत्यक्ष संबंध आहे का, हे विचारावे. रुग्णाशी गाठ न पडलेले संशोधन कपाटातच राहते.

निघताना आजोबांनी ट्रंकेतून झडपेचे ओळखपत्र काढले. झडपेचा प्रकार, मिलिमीटरमधला आकार, बसवल्याची तारीख त्यावर असते, आणि ते दात काढण्यापूर्वीही डॉक्टरांना दाखवायचे असते. आजोबांनी ते बारा वर्षांत कुणालाच वाचायला दिले नव्हते. नातवाने ते दिव्याखाली धरले आणि विचारले, "आबाजी, टिकटिक जिना चढल्यावर बदलते का हो?"