शेजारच्या बाकावरची गोष्ट

ओन्जली राऊफ यांची ‘द बॉय ॲट द बॅक ऑफ द क्लास’ ही सचित्र बालकादंबरी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये आली. सीरियातल्या युद्धातून वाचलेला अहमेत ब्रिटनमधल्या एका वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतो. गोष्ट मात्र त्याच वर्गातलं नऊ वर्षांचं एक लेकरू सांगतं. अहमेतला त्याच्या मुलखातलं फळ मिळावं म्हणून ते डाळिंब शोधत हिंडतं, आणि युद्ध न पाहिलेल्या वाचकाला त्या धडपडीतून अहमेत आपला वाटू लागतो. मराठीत असं पुस्तक हवं, आणि त्याची जागा रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या लोधिवली गावाच्या आसपासच आहे. याच तालुक्यात इरशाळगडाखालची इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. वर यंत्रं नेता येईनात, माणसांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबला. आश्रमशाळेत होती म्हणून काही मुलं वाचली, पण सुट्टीत जायला त्यांना वाडीच उरली नाही. इथली कातकरी मुलं तर दरसाल दिवाळीनंतर आईबापांमागे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शिक्षण हमी कार्डाने त्यांना नव्या शाळेत प्रवेश मिळेल. खिचडीच्या पंगतीत त्यांच्याशेजारी कुणी बसावं, ही सोय कुठलंही कार्ड करू शकत नाही.

ही मुलं निर्वासित नव्हेत, असं कुणी म्हणेल. कायद्याने ते खरंच आहे, त्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही. पण कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ दरम्यान पोलंडच्या हजारो निर्वासितांना, त्यांच्या मुलाबाळांना आसरा मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो; तीच आस्था आपल्याच डोंगरातल्या पोरांच्या वाट्याला का येऊ नये? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. इरशाळवाडीतल्या ठाकर आदिवासी कुटुंबांची जखम अजून ओली आहे, तिची गोष्ट करून विकायची का? म्हणूनच कथन शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे असावं. दरडीची रात्र त्याने पाहिलेली नाही, त्यामुळे ती रंगवून सांगण्याचा मोह तिथेच टळतो. वाडी काल्पनिक असावी, चित्रं आणि बोली ठाकर-कातकरी तरुणांच्या हातची असावीत, मानधन त्यांना मिळावं, आणि छापण्याआधी मजकूर त्या कुटुंबांना वाचून दाखवावा. त्यांनी नको म्हटलेलं पान गाळावं.