आग फक्त बंबवाल्याची

गोदीजवळच्या एका गोदामातून धूर निघत होता. आमची पाळी नुकतीच सुटली होती. दोन बंब आले. त्यांच्या साहेबानं पहिलाच सवाल टाकला, ‘आत काय आहे?’ कारकून म्हणाला, ‘ऑफिसात विचारून सांगतो.’ दाराला कुलूप. किल्ली मालकाच्या माणसाकडं, आणि तो माणूस जेवायला गेलेला. दोस्तहो, हातात कुऱ्हाड असलेला बंबवाला कुलपासमोर नुसता उभा! दहा मिनिटं. आत रद्दी निघाली, म्हणून आज हे लिहायला मी जिवंत आहे.

त्या रात्री कविता लिहायला बसलो. झाली नाही. मग कायदा शोधला. मॅट्रिक झालेल्या हमालानं कायदा वाचू नये असं कुठं लिहिलंय?

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. इंग्रजाच्या अमलातला, पण आजही चालू. आग लागली की बंबांच्या अधिकाऱ्यानं कुठल्याही जागेत फोडून घुसावं, गरज पडली तर ती पाडावी, रस्ता बंद करावा, आड येणाऱ्याला हटवावं, दुसरीकडचे नळ बंद करून आगीकडं पाण्याचा जोर वाढवावा. मालकाची चिठ्ठी आणा, असली भानगड त्यात नाही. म्हणजे कुलूप तोडायचा हक्क त्याच्याकडं होताच. मग हात का थांबला?

भित्रा होता म्हणून नाही. २०१५ साली काळबादेवीच्या आगीत मुंबईच्या बंबांचे चार अधिकारी गेले, त्यात खुद्द प्रमुख होता. हे लोक मरणाला भीत नाहीत. भितात ते साहेबाच्या फोनला. झोपडपट्टीत आग लागली की मधल्या चार झोपड्या पाडताना कुणी कुणाची किल्ली मागत नाही. मागूही नये. आग पुढं सरकू नये म्हणून त्या पाडायलाच पाहिजेत. पण पत्र्यावर जो हात सरळ चालतो, तो मालकाच्या कुलपावर का लटपटतो, एवढंच मला विचारायचंय.

हात लटपटला की काय होतं ते आमच्या गोदीनं एकदा बघितलंय. १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी बाबासाहेब ५३ वर्षांचे झाले. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. आणि इकडं व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची बोट लागलेली. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. त्याच बोटीत कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. वर सोन्याच्या विटा. धोक्याचा माल आहे हे सांगणारा लाल बावटा मात्र नाही. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले. ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं. बोट एवढी तापली की तिच्याभोवतीचं पाणी उकळायला लागलं.

बोट तिथंच बुडवायची की ओढून बाहेर न्यायची? दोन तास होते. निर्णय कोणी घेतला नाही. बोट कॅप्टनची, धक्का मॅनेजरचा, दारूगोळा लष्कराचा. आग फक्त बंबवाल्याची! चार वाजून सहा मिनिटांनी बोट फुटली. अर्ध्या तासानं दुसरा स्फोट. सिमल्याच्या भूकंपमापकावर मुंबईचा हादरा उमटला. ६६ बंबवाले मेले. त्यांच्यासाठी दर साली १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. सोन्याच्या विटा पुढं कित्येक वर्षं गाळातून निघत राहिल्या, आणि मोजल्या गेल्या. मेलेल्या माणसांचा आकडा मात्र एका पुस्तकात आठशे, दुसऱ्यात तेराशे. वीट मोजता येते, हमाल मोजता येत नाही?

कोणी म्हणेल, बंबवाल्याला एवढा अधिकार दिला तर उद्या तो आमच्याच चाळीवर वापरतील. बरोबर आहे. मलाही ती भीती आहे. महाराष्ट्राचा २००६ चा कायदा बघा. आगीपासून बचावाची सोय करायची जबाबदारी त्यानं मालकावर टाकली. यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा द्यायचं. जागा धोक्याची असेल तर ती खाली करवायचा, वीज-पाणी तोडायचा हक्कही अधिकाऱ्याला दिला. हा कायदा होता, तरी २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात चौदा माणसं मेली. मालकापुढं झोपलेला कायदा गरिबाला हाकलताना मात्र खडबडून जागा होतो.

म्हणून दोन वेळा वेगळ्या करा. आग पेटलेली असताना हुकूम एकाचाच, बंबांच्या अधिकाऱ्याचा. तिथं कॅप्टन नाही, मॅनेजर नाही, आमदार नाही. आग लागण्याआधी आणि विझल्यानंतर मात्र त्यानं प्रत्येक गोष्टीचा लेखी जाब द्यायचा. कुणाचं घर का खाली केलं, कुणाचं गोदाम का सोडलं, सगळ्याचा.

आणि तिसरी गोष्ट. ‘आत काय आहे?’ हा सवाल एकट्या बंबवाल्याचा नाही. बोटीच्या पोटात पहिला उतरतो तो आम्ही. आमच्या पाठीवर काय चढवताय ते माल उतरायच्या आधी मराठीत, हिंदीत, मोठ्यानं वाचून दाखवा. मुकादमाला नको, सगळ्या टोळीला.

आमच्या बापजाद्यांना विहिरीचं पाणी विचारून घ्यावं लागायचं. आम्ही आग विझवायला विचारणार नाही. पुढच्या वेळी कुलूप दिसलं आणि साहेब थांबला, तर हूक आमच्या हातात आहे. पण तोडायचं काम त्याचं आहे, आणि कायदा त्याच्या बाजूला आहे. हे त्याला कुणीतरी मोठ्यानं सांगायला पाहिजे.

सांगा. तुमच्या गल्लीतल्या बंबवाल्याला सांगा.