बुळकांडी गेली, गोवर राहिला

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात १९१२ साली दोन वर्षांची एक मुलगी गोवरानंतरच्या न्यूमोनियाने दगावली. तिचे फुप्फुस फॉर्मलिनमध्ये घालून ठेवण्यात आले. विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी उभ्या केलेल्या तिथल्या संग्रहातले वीस हजारांवर नमुने दुसऱ्या महायुद्धात बहुतांशी नष्ट झाले. हे फुप्फुस मात्र वाचले. शतकानंतर रॉबर्ट कॉख संस्थेच्या सेबास्तियाँ काल्विन्याक-स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी ते संग्रहालयातून मिळवले. विषाणूचा आरएनए मुळातच नाजूक, त्यात फॉर्मलिनने जखडलेला. ऊतीचा तुकडा तापवून त्यांनी तो मोकळा केला आणि गोवराचा जवळजवळ अख्खा जीनोम वाचला. तोवर हाती असलेला सर्वांत जुना जीनोम १९५४चा होता.

या जुन्या खुणेमुळे कालगणना सुधारली. माणसाचा गोवर आणि गुरांची बुळकांडी हे एकाच विषाणूचे दोन फाटे. ते इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या सुमारास फुटले, असा आधीचा अंदाज होता. २०२०मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या अभ्यासाने तो काळ इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकापर्यंत मागे नेला. यात काही शतके इकडेतिकडे होऊ शकतात, पण तर्क पटतो. गोवराला टिकून राहायला अडीच ते पाच लाखांची सलग वस्ती लागते, आणि एवढी मोठी शहरे त्याच सुमारास उभी राहत होती. गुरे तर कितीतरी आधीपासून माणसाच्या दावणीला होती. गर्दी आपण जमवली. बैलाला बोल कशाला?

भारतात बुळकांडीसारख्या गुरांच्या साथींवर काम करायला १८८९मध्ये पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती पुढे हिमालयातल्या मुक्तेश्वरला गेली आणि १८९७मध्ये खुद्द जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. बुळकांडी २०११मध्ये जगातून हद्दपार झाली. गुरांचे डॉक्टर लस घेऊन गोठ्यागोठ्यांत पोचले, आणि गुरांना अफवा कळत नाहीत, हीही सोय होतीच. गोवराची लस १९६३पासून आहे, स्वस्त आहे, खात्रीची आहे. तरी जर्मनीला मार्च २०२०पासून शाळा-पाळणाघरांसाठी ती कायद्याने सक्तीची करावी लागली. आणि २०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुले दगावू लागली, तेव्हा कुठे मुंबई महापालिकेचे कर्मचारी लस न घेतलेली मुले शोधत घरोघर फिरू लागले.