रिकाम्या टीव्ही लहरींच्या दुय्यम वापराबाबत मागणीपत्र

प्रति,
स्पेक्ट्रम वाटपाचे अधिकार असलेले केंद्रीय प्राधिकारी, नवी दिल्ली

महोदय,

पेठ, सुरगाणा आणि हरसूलच्या डोंगरी गावांत इंटरनेट पोचवणारे आम्ही छोटे पुरवठादार आहोत. आमची जोडणी ५ गिगाहर्ट्झच्या डिशवर चालते आणि तिला समोरचा मनोरा नजरेत असावा लागतो. जूनमध्ये सागाला पाने फुटली की जोडणी तुटते. मग एखादा मुलगा ओल्या कौलांवर चढून डिश हातभर सरकवतो. झाड वनहद्दीतले, ते तोडता येत नाही आणि आम्हाला तोडायचेही नाही.

४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या टीव्ही लहरींना पानांचा अडथळा फारसा होत नाही. या पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात. १२० पैकी सरासरी १०० मेगाहर्ट्झहून अधिक पट्टा मोकळा असल्याचे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१४ मध्येच दाखवले. शेजारच्या पालघरमध्ये, खामलोली परिसरात, त्यांनी या लहरींवर इंटरनेट चालवूनही दाखवले. पुढे प्रसार भारतीने बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले.

दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ७ मध्ये, मूळ धारकाला व्यत्यय न आणता दुय्यम वाटप करण्याची तरतूद आहे. तिच्या आधारे पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर तालुक्यांसाठी १२ महिन्यांची चाचणी परवानगी ९० दिवसांत द्यावी.

उपकरणाने आधी कानोसा घ्यावा, वाहिनी मोकळी असेल तरच बोलावे, हे कॉग्निटिव्ह रेडिओचे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. यंत्रातला गोंगाट नेमका किती, हे पूर्णपणे कधीच ठाऊक नसते. त्यामुळे एका पातळीखालचा क्षीण सिग्नल कितीही वेळ ऐकला तरी ओळखू येत नाही. तंद्रा आणि सहाई या संशोधकांनी २००८ मध्ये हे गणिताने मांडले. आमच्याकडे तर डोंगरच आड येतो. खोऱ्यातल्या मनोऱ्याला जो प्रक्षेपक ऐकूच येत नाही, त्याचा कार्यक्रम पलीकडच्या कड्यावर कोणी पाहत असेल. म्हणून शासनाने ठिकाणनिहाय मोकळ्या वाहिन्यांची नोंदवही खुली करावी. अमेरिकेने २०१० मध्ये अशाच नोंदवहीच्या आधारावर कानोशाची सक्ती काढली. आमचा प्रत्येक मनोरा दर २४ तासांनी नोंदवहीला विचारेल. उत्तर आले नाही तर आपोआप बंद होईल.

शक्ती वाढवून द्या, अशी आमची मागणी नाही. सिग्नल गोंगाटाच्या ३१ पट असेल, तर शॅननच्या १९४८ च्या सूत्राप्रमाणे एका वाहिनीची कमाल मर्यादा सेकंदाला ४० मेगाबिट येते. शक्ती दुप्पट केली तर ही मर्यादा जेमतेम ४८ होते. मूळचीच शक्ती दोन वाहिन्यांवर पसरली, तर सुमारे ६५. म्हणून शक्तीची मर्यादा कडक ठेवावी, मात्र प्रत्येक मनोऱ्याला लगतच्या दोन वाहिन्या द्याव्यात.

मूळ धारकाने मागताच सोडून द्यायच्या हक्काला लिलावाचा भाव लावणे न्याय्य नाही. मनोऱ्यामागे ठरावीक वार्षिक शुल्क घ्यावे. व्यत्ययाची तक्रार आल्यास मनोरा २ तासांत बंद करू; दोष आमचा ठरल्यास तपासणीचा खर्चही देऊ.

नकार द्यायचा असल्यास कोणत्या ठिकाणी, कोणत्या वाहिनीवर, किती व्यत्यय अपेक्षित आहे, हे ९० दिवसांत आकड्यांसह लेखी कळवावे.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील छोट्या इंटरनेट पुरवठादारांची संघटना