यंत्राभिमान

मनुष्य जी वस्तु पैसे मोजून घरीं आणतो, तिच्याबरोबर तिचा अभिमानही न मागतां घरांत येतो. आमच्या डोंबिवलींत कोणत्याही शाळेच्या मधल्या सुटींत क्षणभर उभें राहावें, म्हणजे ह्याची साक्ष पटेल. एकाच्या घरीं ॲपल कंपनीचा फोन आहे, दुसऱ्याच्या घरीं अँड्रॉइडवर चालणारा. आणि दोघेही आपापल्या पक्षाचा कैवार अशा आवेशानें घेतात, कीं जणू त्या कंपनीच्या नफ्यांत त्यांचा चार आणे वांटा आहे! ह्या वादास पोरकटपणा म्हणून धुडकावून लावण्याचा वडील मंडळींचा प्रघात आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. वाद वाईट नव्हे. तो कशाच्या बळावर केला जातो हें पाहिलें पाहिजे.

हा वाद कांहीं आजचा नव्हे. चाळीस वर्षांपूर्वीं, घरगुती संगणक नुकतेच निघाले होते तेव्हां, इंग्लंडांतील शाळांच्या पटांगणांवर तो ह्याहूनही हिरिरीनें चाले. एप्रिल १९८२ मध्यें सिंक्लेअर कंपनीनें 'झेडएक्स स्पेक्ट्रम' विक्रीस काढला. रबरी कळांचें हें लहानसें यंत्र घरच्या टेलिव्हिजनला जोडावें लागे, आणि त्याची किंमत १२५ पौंडांपासून पुढें होती. त्याच केंब्रिज गांवच्या ॲकॉर्न कंपनीनें १९८१ च्या अखेरीस 'बीबीसी मायक्रो' काढला होता. तो भक्कम बांध्याचा, महाग, आणि शाळाशाळांतून मान्यता पावलेला. १९८२ मध्येंच अमेरिकेंतून 'कमोडोर ६४' हा तिसरा प्रतिस्पर्धी निघाला. ज्याच्या घरीं जें यंत्र आलें, तोच त्याचा पंथ झाला. दोन यंत्रें घेण्याची ऐपत बहुतेकांस नव्हती. तेव्हां वडिलांनीं केलेली निवड चुकली, असें मुलानें मान्य करावें तरी कसें? तो यंत्राचा कैवार घेतो असें दिसे, पण खरें पाहतां तो आपल्या वडिलांच्या शहाणपणाचा कैवार घेत होता. सकाळची गाडी गांठून मुंबईस जाणाऱ्या आणि यंत्राची किंमत हप्त्यांनीं फेडणाऱ्या आमच्या गांवच्या पालकांस हें समजण्यास कठीण पडूं नये.

पण त्या मुलांच्या वादांत एक गोष्ट होती, जी आजच्या वादांत क्वचितच आढळते. आपल्या यंत्राच्या पोटांत काय आहे, हें त्यांस ठाऊक असे. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड८० जातीचा. त्याच्या घड्याळाचे सेकंदास ३५ लक्ष ठोके पडत. बीबीसीचा प्रोसेसर ६५०२, त्याचे २० लक्ष. कमोडोरचाही ६५०२ च्याच कुळांतला, पण त्याचे सुमारें दहाच लक्ष. स्पेक्ट्रमवाला हे आंकडे तोंडावर फेकी. त्यावर बीबीसीवाल्याजवळ उत्तर असे, कीं नुसते ठोके काय मोजतोस? तुझ्या प्रोसेसरला एक आज्ञा उरकावयास निदान चार ठोके लागतात; माझा कित्येक आज्ञा दोनांत उरकतो. आणि हें उत्तर खरें होतें. लहान पावलें भरभर टाकणारा मनुष्य लांब ढांगा टाकणाऱ्याच्या पुढें जाईलच असें नाहीं, हा विचार बारा वर्षांच्या मुलाला भांडणाच्या भरांत सुचावा, हें थोडें आहे काय? स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशा प्रत्येक चौकटींत दोनच रंग मावत; त्यामुळें खेळांतील मनुष्य पळतां पळतां झाडाजवळ आला, कीं एकाचा रंग दुसऱ्यास लागे! कमोडोरवाले ह्यावर पोट धरून हंसत, आणि आपल्या यंत्राचें तीन सुरांचें संगीत ऐकवीत. पण ह्या चौकटींमुळें स्मृति किती वांचते, आणि अशाच काटकसरीनें यंत्र स्वस्त कसें पडतें, हें समजून घेतल्यावांचून स्पेक्ट्रमवाल्यास तोंड उघडतां येत नसे.

आपल्या देशांतही ह्यांपैकीं दोन पंथांचीं यंत्रें येऊन गेलीं. शाळांतून संगणक-शिक्षण द्यावें म्हणून १९८४-८५ सालीं केंद्र सरकारनें 'क्लास' नांवाची योजना सुरू केली, तिच्यासाठीं बीबीसी मायक्रो निवडला गेला. आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धांत डेसिबेल्स ह्या भारतीय कंपनीनें परवाना घेऊन स्पेक्ट्रमची एक आवृत्ति येथें विकली. परंतु घरीं संगणक असणें हीच तेव्हां नवलाई होती. पंथ पडण्याइतकीं घरें नव्हतीं.

आतां, ज्यांच्या नांवानें हीं मुलें भांडत, त्या मालकांची हकीकत ऐका. ॲकॉर्नचे एक संस्थापक ख्रिस करी हे पूर्वीं कित्येक वर्षें क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांचेच सहकारी होते. डिसेंबर १९८४ मध्यें ॲकॉर्ननें आपल्या जाहिरातींत सिंक्लेअरच्या यंत्रांच्या बिघाडावर बोट ठेवलें. तेव्हां केंब्रिजमधील एका मद्यगृहांत सर क्लाइव्ह ह्यांनीं वर्तमानपत्राची गुंडाळी करून करी ह्यांस भर लोकांत बडविलें! विद्यार्थ्यांनीं ह्याचें अनुकरण करूं नये, हें सांगणें नलगे. पुढें दीड वर्षाच्या आंत दोघांचेही कारखाने दुसऱ्यांच्या हातीं गेले. १९८५ मध्यें ॲकॉर्न इटलीच्या ओलिव्हेट्टीकडे गेली, आणि एप्रिल १९८६ मध्यें सिंक्लेअरचा संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅडनें ५० लक्ष पौंडांस विकत घेतला.

अमेरिकेंत तर ह्याहून मौज झाली. कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल जानेवारी १९८४ मध्यें स्वतःच्याच कंपनींतून बाहेर पडले, आणि त्याच वर्षाच्या जुलैंत त्यांनीं प्रतिस्पर्धी अटारी कंपनीचा घरगुती यंत्रांचा विभाग विकत घेतला. इकडे कमोडोरनें 'अमिगा' नांवाची कंपनी घेतली. तिच्या यंत्राचे जनक जे मायनर हे पूर्वीं अटारीच्या यंत्रांचे रचनाकार होते. १९८५ मध्यें अटारी एसटी व अमिगा हीं दोन यंत्रें बाजारांत आलीं, आणि त्यांच्या अभिमान्यांचें युद्ध पुढें वर्षानुवर्षें चाललें. म्हणजे अटारीच्या झेंड्याखालीं उभा राहिलेला मुलगा कमोडोरच्या संस्थापकाचा जयजयकार करीत होता, आणि कमोडोरचा कट्टर अभिमानी अटारीच्या जुन्या कारागिराचा! सरदारांनीं केव्हांच छावण्या बदलल्या. शिपाई मात्र जागचे हालले नाहींत.

आजच्या भांडणाची गोष्ट ह्याहून वेगळी नाहीं. एप्रिल १९८५ मध्यें त्याच ॲकॉर्न कंपनींत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर ह्यांच्या रचनेचा एक नवा प्रोसेसर प्रथम चालूं झाला. त्याचें नांव 'आर्म'. १९९० मध्यें ॲकॉर्न, ॲपल व व्हीएलएसआय ह्या तिघांनीं मिळून त्यासाठीं स्वतंत्र कंपनी काढली. आज ॲपलच्या फोनमधील प्रोसेसर आर्मच्याच पद्धतीचा असतो, आणि अँड्रॉइडच्या जवळजवळ प्रत्येक फोनमधीलही. मधल्या सुटींत एकमेकांवर डोळे वटारणाऱ्या त्या दोन मुलांच्या खिशांत एकाच वंशाचीं दोन भावंडें बसलेलीं असतात, ह्याची त्या दोघांसही वार्ता नसते. त्यांच्या वादांत किंमत येते, पाठीवरची निशाणी येते, कॅमेऱ्यांची संख्या येते. पोटांतलें कांहींच येत नाहीं.

आणि ज्याच्या घरीं असलें कांहींच नाहीं, त्या मुलानें ह्या वादांत कोठें उभें राहावें? किंमतीच्या भांडणांत त्यास जागा नाहीं. तो बाजूस उभा राहून खालीं पाहतो. आमचा खरा आक्षेप येथें आहे. इंग्लंडांत त्या काळीं यंत्र नसलेलीं मुलें दुकानांत मांडून ठेवलेल्या संगणकांवर उभ्याउभ्या प्रोग्राम टाइप करीत, आणि दुसऱ्या दिवशीं पटांगणावर यंत्रवाल्यांशीं बरोबरीनें वाद घालूं शकत. माहिती विकत घ्यावी लागत नव्हती. पालकांनीं नवा फोन घेतांना मुलास एवढेंच विचारावें, कीं ह्याच्या आंत काय आहे तें मला समजावून सांग. जें मूल सांगूं शकणार नाहीं, त्याचा हट्ट महिनाभर लांबणीवर टाकण्यास हरकत नाहीं.

आमची सूचना अशी, कीं पुढील वर्षाच्या वादसभेंत हाच विषय ठेवावा, आणि प्रत्येक वक्त्यानें आपल्या घरीं नसलेल्या यंत्राची बाजू मांडावी. तयारीसाठीं कोणीं कांहीं विकत घेण्याचें कारण नाहीं. स्पेक्ट्रम व कमोडोर ह्यांचें सोंग हुबेहूब वठविणारे प्रोग्राम आज मोफत मिळतात आणि शाळेंतल्या साध्या संगणकावरही चालतात. तेथें स्पेक्ट्रम उघडला, कीं कोरा पांढरा पडदा आणि तळाशीं कंपनीचें नांव, एवढेंच दिसतें. पुढें काय करावयाचें तें त्यास आपण सांगावें लागतें.